युरिया कमी केला तरी विहिरीत नायट्रेट वाढलंय, असं कसं?

मुलुंडचा_वाळवेकर
नमस्कार मंडळी. मी नोकरीपायी मुलुंडला, गाव वाळवा तालुक्यात. शेती भाऊ बघतो, सगळा ऊसच. घरात तान्ही पुतणी आहे आणि तिला आता वरचं दूध सुरू केलंय म्हणून मीच विहिरीचं पाणी इथे मुंबईत लॅबला दिलं होतं, रिपोर्टमध्ये नायट्रेट 62 आलंय, मर्यादा 45 लिहिलीय. मागे एकदा केलं होतं तेव्हा मर्यादेच्या आत होतं. आता गंमत अशी की मधल्या काळात भावाने ड्रिप केलं, युरिया पण बराच कमी केला, आणि आता तर सगळा युरिया निंबोळी तेल लावलेलाच येतो ना, मग आकडा खाली यायला पाहिजे की वर? भाऊ म्हणतो लॅबवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय. आई म्हणते पाणी उकळून देऊ की बाळाला. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

वॉटरटेस्टवाली
आधी आईंना थांबवा!! नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात राहतं, म्हणजे आकडा वाढतो. कपड्याने गाळून, तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून पण काही होत नाही. आरओने कमी होतं, साध्या कॅन्डलच्या फिल्टरने नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्यात पावडर कालवून अजिबात देऊ नका, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून न्यायच्या कामाचं राहत नाही, बाळ निळसर पडतं. 1945 ला अमेरिकेत आयोवात एका डॉक्टरने विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध पहिल्यांदा लावला, तेव्हापासून ही मर्यादेची भानगड सुरू झाली. तोवर दुसरं पाणी आणा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता रिपोर्ट नीट बघा, 62 च्या पुढे काय लिहिलंय? नायट्रेट की नायट्रेट-नायट्रोजन? आपली 45 ची मर्यादा नायट्रेटची आहे, अमेरिकेत 10 सांगतात ती फक्त त्यातल्या नायट्रोजनची, दोन्ही जवळपास एकच. लोक एका रिपोर्टचा आकडा दुसऱ्याशी लावून बसतात आणि मग साडेचार पट फरक बघून घाबरतात नाहीतर खूश होतात.

मुलुंडचा_वाळवेकर
नायट्रेटच लिहिलंय, मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्याचं बघतो, आईला फोन झाला.

चेंबूर_ते_कराड
भाऊला सांग लॅब बरोबर असू शकते आणि तोही बरोबर असू शकतो. आज विहिरीत जे येतंय ते यंदाच्या खताचं असेलच असं नाही, बरंचसं जुनं असतं.

युरिया टाकला की मातीत आधी अमोनियम होतं, त्याचं पुढे नायट्रेट. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात कारण कणांवर ऋण भार आणि अमोनियमवर धन. नायट्रेट स्वतःच ऋण, त्यामुळे माती त्याला धरतच नाही, पाणी खाली निघालं की हे पण निघालं. पिकाने घेतलं तेवढं घेतलं. पण गोची अशी की जे पीक घेत नाही ते सगळं लगेच धुपून पण जात नाही, बराच भाग मातीतल्या सेंद्रिय भागात अडकतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा सुटत राहतो. फ्रान्समध्ये 1982 ला बीट आणि गव्हाच्या शेतात खूण केलेलं नायट्रोजन टाकून तीस वर्षांनी मोजलं होतं, पिकांनी साठेक टक्के घेतलेलं, 8 ते 12 टक्के पाण्यात गेलेलं आणि 12 ते 15 टक्के तेव्हाही मातीतच बसलेलं. त्यांचा हिशोब होता की ते अजून निदान पन्नास वर्षं झिरपत राहील. हे तिथलं, तिथे खत मापात होतं. आपल्याकडे बापजाद्यांनी ढोसलेलं आहे आणि वरून पाटपाणी.

डेन्मार्कने 1987 ला ठरवलं होतं की शेतातून वाहून जाणारा नायट्रोजन अर्ध्यावर आणायचा. कायदे, शेतकऱ्यागणिक कोटा, शेणखताचा हिशोब, सगळं करून तिथे पोचायला पंधराएक वर्षं गेली. तुमचं ड्रिप कालचं आहे.

विरारचा_शेतकरी
चेंबूरवाले, बापजाद्यांनी ढोसलं म्हणणं सोपं आहे हो. शिफारस काय आहे ते बघा ना. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्र (म्हणजे नायट्रोजन), कृषी विद्यापीठाचीच शिफारस. एकरी 160 किलो नत्र म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास युरिया, 45 किलोच्या पावणेआठ गोण्या. आणि त्यातलं 10 टक्के लागणीला, 40 टक्के सहा ते आठ आठवड्यांनी. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, म्हणजे हा 40 टक्क्यांचा हप्ता येतो सप्टेंबरात, परतीचा पाऊस तोंडावर. दोन मोठे पाऊस झाले की गेलं वाहून, मग शेतकरी पिवळा ऊस बघून अजून दोन गोण्या फोकतो. तो काय हौसेने करतो का.

आणि भाव. युरिया 266 रुपये 50 पैशांना 45 किलो, डीएपी (नत्र आणि स्फुरदवालं खत) 1350 ला 50 किलो. 2010 ला बाकी खतांची सबसिडी बदलली, भाव मोकळे केले, युरिया मात्र बाहेर ठेवला. मग माणूस काय उचलणार. त्यातही दुकानदार लिंकिंग करतो, युरिया पाहिजे तर ही पिशवी पण घ्या, ती बाटली पण घ्या. माझ्या गावचा तर बिलावर लिहीतच नाही.

चेंबूर_ते_कराड
मान्य, पूर्ण मान्य, मी शेतकऱ्याला शिव्या घातल्या नाहीत. धोरणच तसं आहे. देशाचा आकडा बघा, 1960-61 ला आपण सगळे मिळून दोन लाख टनांच्या आसपास नत्र वापरायचो, 2020-21 ला दोनशे लाख टनांच्या वर. शंभर पट!! निंबोळी 2015 पासून सक्तीची झाली, 2018 ला गोणी 50 ची 45 किलो केली की लोक गोणीवर मोजतात म्हणून आपोआप कमी टाकतील. झालं काय, 2015-16 ला 306 लाख टन युरिया खपला, 2023-24 ला 357 लाख टनांच्या वर. निंबोळीने युरियाची चोरी थोडी आटोक्यात आली असेल, प्लायवूडवाल्यांकडे डिंकासाठी जायचा तो, पण शेतातला ढीग काही कमी झाला नाही. निंबोळी नायट्रेट व्हायचा वेग कमी करते, नायट्रेट गायब करत नाही.

आणि तुमच्या एकट्याचं नाही हे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातले 440 जिल्हे आहेत जिथे नायट्रेट मर्यादेवर सापडलं, 2017 ला 359 होते. महाराष्ट्रातले तर तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

ठाणे_स्लो
एक बाळबोध प्रश्न, मग आपल्या मुंबईच्या नळाला पण हे येतं का?

वॉटरटेस्टवाली
नळाचं टेन्शन नको. भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलाव पावसाने भरतात, वर बरंचसं जंगल, उसाचे फड नाहीत. सोसायटीच्या बोअरवेलमध्ये मात्र नायट्रेट सापडलं तर तिथे कसला आलाय युरिया, गटार झिरपतंय असं समजायचं.

त्यावरूनच आठवलं, वाळवेकर, विहिरीपासून गोठा किती लांब आहे? शोषखड्डा, संडासाची टाकी, शेणाचा उकिरडा? नायट्रेट तिथूनही येतं आणि कधी कधी शेतापेक्षा जास्त. क्लोराईड पण चढलेलं असेल तर गोठा-संडासावर संशय घ्या, पक्कं सांगता येत नाही पण दिशा कळते. आणि आधीचा नमुना कधी काढला होता, मे मध्ये की दिवाळीत? पावसाळ्यात वरचं सगळं धुऊन खाली उतरतं, मेचा एक आणि पावसानंतरचा एक असे दोन आकडे शेजारी ठेवून कल वाढतोय म्हणणं बरोबर नाही. दरवर्षी त्याच महिन्यात काढा.

मुलुंडचा_वाळवेकर
अरेच्चा. आधीचा उन्हाळ्यातला, हा दिवाळीनंतरचा. गोठा विहिरीला लागूनच आहे, चार म्हशी, मूत वाहून जिथे मुरतं तिथून विहिरीचा कठडा दिसतो. क्लोराईड रिपोर्टमध्ये नाहीच, मी स्वस्तातलं पॅकेज घेतलं होतं. पण मग भावाने खत कमी केलं ते वाया का? तो विचारतोय की परत पहिल्यासारखं टाकू का, ऊस जरा फिका दिसतोय म्हणे.

चेंबूर_ते_कराड
अजिबात नको, उलट अजून कमी करता येईल, हिशोब दाखवतो. 62 नायट्रेट म्हणजे लिटरमागे 14 मिलिग्रॅम नत्र. ऊस तुम्ही त्याच विहिरीवर भिजवता ना? एकराला वर्षात समजा एक मीटर पाणी दिलं, म्हणजे 40 लाख लिटर. गुणिले 14 मिलिग्रॅम, झालं 56 किलो नत्र. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास युरिया, पावणेतीन गोण्या. फुकट, विहिरीतून! हे कुणी धरतच नाही. पानं फिकी असतील तर आधी माती तपासा, तुमच्याकडे चोपण (क्षारांनी बिघडलेल्या) जमिनी भरपूर, लोहाची कमी असली तरी ऊस पिवळाच दिसतो. आणि ड्रिपने पण पाणी जास्त सोडलं तर नायट्रेट मुळांच्या खाली जातंच, खत सोडल्यावर लगेच तास-तास पाणी चालवू नका, शेवटी फक्त नळ्या धुण्यापुरतं.

विरारचा_शेतकरी
हा हिशोब पहिल्यांदा बघितला. पण वीज दिवसा आली तर बघू किती पाणी देतोय, आमच्याकडे रात्री येते तेव्हा माणूस मोटर चालू करून झोपतो, सकाळी उठून बंद करतो. ड्रिप असो नाहीतर पाट. नॅनो युरियाचं, तो बाटलीतला फवारायचा, काय म्हणता, दुकानदार तेच गळ्यात मारतोय.

चेंबूर_ते_कराड
2021 ला पहिली बाटली आली ती 4 टक्केवाली, अर्ध्या लिटरमध्ये 20 ग्रॅम नत्र. गोणीत 20 किलो. पुढचं तुम्हीच ठरवा.

मुलुंडचा_वाळवेकर
भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला, गोठ्याचं ऐकून गप्प झाला, मग म्हणाला मूत उसात सोडायची नाली काढतो. बाळाला शेजारच्या गावातून आरओचा जार येतोय. आता गोठ्याजवळची विहीर आणि मळ्यातली, दोन्हींचे नमुने परत द्यायचे, क्लोराईडसकट. शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सला बाटल्या देतो म्हणाला, मी पहाटे सायनला उतरवून घेईन.

वॉटरटेस्टवाली
शनिवारी नको, रविवारी बहुतेक लॅब बंद असतात, बाटल्या तुमच्या फ्रीजमध्ये पडून राहतील. रविवारी रात्री पाठवायला सांगा, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून, डिकीत इंजिनजवळ ठेवू देऊ नका. आणि बाटली भरायच्या आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यायची, कोल्ड्रिंकची जुनी बाटली चालणार नाही.