राकिमला पहिल्या पाचांत बसवायचं ते कशाच्या जोरावर?

शब्दफुगडी, फोंडा
अमेरिकन रॅपर राकिमचं नाव निघालं की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, १९८७ नंतर रॅप लिहिणारा प्रत्येक जण त्याचं देणं लागतो. दुसरी म्हणते, डीजे एरिक बीबरोबर चार अल्बम, तेही १९८७ ते १९९२ एवढ्यात. मग एकट्याचे १९९७, १९९९, २००९ आणि २०२४ चे. एवढ्या शिदोरीवर नास, बिगी, केंड्रिक या रॅपरांच्या पंक्तीला कसं बसवायचं? ‘भारी लिहितो’ हे सोडून त्याची कारागिरी मोजायची कशी, हे कुणी नीट सांगेल का? मला त्याची यमकं अर्धीच सापडतात.

सोळा_ठिपके, डिचोली
अर्धीच सापडतात, कारण तुम्ही ती ओळीच्या टोकाला शोधताय. आपल्या कानाला आतलं यमक काही नवीन नाही. चवथीला घुमटाच्या तालावर ‘सुखकर्ता, दुःखहर्ता, वार्ता’ म्हणताना एकाच ओळीत तीन येतात. राकिमनं हेच अंतर्यमक रॅपचा कणा केलं.

कागदावर एका बारसाठी, म्हणजे तालाच्या एका आवर्तनासाठी, १६ ठिपके काढा. चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीला एक बार साधारण २.७ सेकंदांचा, म्हणजे १६ बारचं कडवं ४३ सेकंदांच्या आत संपतं. गाणं पाऊणपट वेगानं लावा आणि आधी स्नेअर ड्रमचा ठोका पकडा. तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो. पहिल्या खेपेला फक्त जोर दिलेली अक्षरं मांडा. दुसऱ्या खेपेला यमकांना गोल करा, एका स्वरगटाला एक रंग. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं कुठलंही गाणं असं मांडलंत तर बहुतेक गोल चौथ्या ठोक्यावर, म्हणजे तेराव्या ठिपक्याच्या आसपास, एकाखाली एक रांगेत दिसतील. राकिमचे गोल पानभर पसरतात. त्याचं वाक्य बारची रेघ ओलांडतं आणि पुढच्या बारच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या ठोक्यावर संपतं. लहानपणापासून सॅक्सोफोन वाजवलेला माणूस आहे, जॅझमधल्या सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनचा प्रभाव त्यानं स्वतः सांगितलाय. ते या मांडणीत स्वच्छ दिसतं.

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. इंटरनेटवर मिळणारे गाण्याचे बोल पुष्कळदा यमकापाशी तोडलेले असतात, बारपाशी नाही. ते समोर ठेवून मोजलंत तर सगळे ठिपके सरकतात. दुसरं, आपण स्पेलिंग वाचतो. रॅपमधलं यमक बरेचदा नुसत्या स्वरांचं असतं, व्यंजनं जुळलीच पाहिजेत असं नाही. मराठीत करून बघा: ‘मांडवीकाठी सांजेला सांडली दाटी’. ‘मांडवीकाठी’ आणि ‘सांडली दाटी’ लिहायला पाच-पाच अक्षरं, बोलताना चार-चार: मांड्-वी-का-ठी, सांड्-ली-दा-टी. चारही स्वर जुळले, आणि एक जोड एका शब्दात, दुसरी दोन शब्दांत वाटलेली. कान याच्यावर लावायचा.

खालीभरी, म्हापसा
मोजणी मान्य. पण यमकांच्या संख्येवर मोठेपण ठरवायचं असेल तर माझा विरोध आहे. वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणाले, ते काही निव्वळ कौतुक नव्हे. आणि संख्याच धरली तर राकिमच्याच काळातला कूल जी रॅप घ्या, पुढे एमिनेम आणि एमएफ डूम घ्या. त्यांची वीण जास्त घट्ट आहे.

राकिम कमी पडतो तो गोष्ट सांगण्यात. बिगी एका कडव्यात दोन माणसांचं बोलणं उभं करतो, कोण कुठे उभं आहे तेसुद्धा कळतं. नासच्या १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये क्वीन्सब्रिजची अख्खी वस्ती दिसते. राकिमचा विषय पुन्हापुन्हा स्वतःचं प्रभुत्व आणि ‘फाइव्ह पर्सेंट नेशन’ या अमेरिकी पंथाची परिभाषा. त्यांच्या अंकविद्येत सात म्हणजे देव, हे माहीत नसेल तर त्याच्या कितीतरी ओळी नुसत्या फुशारकीच्या वाटतात. ज्याला ती किल्ली लागते त्या कवीला मी पहिल्या पाचांत घेणार नाही. दहांत घेईन.

शामेळ, पेडणे
तुम्ही दोघेही कागदावरच बोलताय. आवाजाचं काय? रन-डीएमसी आणि एलएल कूल जे यांचा जोर ओरडण्यात होता. राकिम खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं म्हणतो. याला नुसती शैली म्हणू नका, त्यामागे श्वासाचा हिशेब आहे. चार बार म्हणजे ९० च्या गतीला जवळजवळ ११ सेकंद. तेवढा मजकूर एकदा ओरडून आणि एकदा बोलण्याच्या आवाजात, एकाच दमात म्हणून बघा. ओरडताना तिसऱ्या बारलाच हवा संपते आणि वाक्य तिथं तोडावं लागतं. आरतीत पहिल्याच कडव्याला आवाज फोडणारे पुढे शब्द गाळतात, ते याचमुळे. बार ओलांडणारं लांब वाक्य हवं तर आवाज खालीच ठेवावा लागतो. लिहिणं आणि म्हणणं त्याच्याकडे एकाच निर्णयातून येतं.

मात्र श्वासाचा पुरावा नुसत्या रेकॉर्डिंगवरून मानू नका. स्टुडिओत तुकडे जोडता येतात. थेट कार्यक्रमाचं चित्रण काढा आणि तो श्वास कुठल्या ठिपक्यावर घेतो ते बघा.

सोळा_ठिपके, डिचोली
खालीभरी, गोष्टीचा मुद्दा खरा आहे, त्यावर वाद नाही. पण वामन पंडितांशी तुलना पटत नाही. यमकासाठी अर्थ वाकवला तर तो दोष. राकिममध्ये गोल केलेलं अक्षर बहुतेक वेळा वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावरच पडतं. यमक काढलंत तर अर्थाचा जोरही जातो. घट्ट वीण पुढच्यांची असेल, माग त्याचा. खुद्द नासनं २००४ मध्ये राकिमच्या आयुष्यावर गाणं केलं. एमटीव्हीनं २००६ मध्ये राकिम आणि एरिक बीचा १९८७ चा अल्बम सर्वांत वर ठेवला होता, पण ती यादी अल्बमची आहे, लेखकाची नाही. या वादात ती पुढे करू नये. माझ्या लेखी कारागिरीत तो पहिल्या तिघांत, कथनात पहिल्या दहांतही नाही.

शब्दफुगडी, सुरुवात १९८६ च्या पहिल्या सिंगलपासून करा, ठिपके मांडायला ते सोपं जाईल. मग १९८७ चा अल्बम. १९८८ च्या अल्बमचं शीर्षकगीत शेवटी ठेवा. ते जलद आहे, पाऊणपटीलाही ठिपके निसटतात. ते अर्ध्या वेगानं लावा आणि एका बैठकीत आठ बारपेक्षा जास्त मांडू नका.