मदत हवी आहे : २००७ च्या सहाचाकी ट्रकचे क्राउन-पिनियन तुटले, जुने बसवावे की नवे?

नमस्कार.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे आहे. घरी २००७ सालचा सहाचाकी ट्रक आहे. हंगामात आमचा आणि शेजारच्या शेतकऱ्यांचा कापूस जिनिंगला पोचवणे आणि एरवी सोयाबीन, तूर, सरकी, कधी गिट्टी वाहणे, यावर त्याचे आणि आमचे चालते. गेल्या मंगळवारी त्याचा मागचा डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनची ओढ मागच्या चाकांना वाटून देणारी गियरची जोडणी, तुटला. कापसाची वेचणी सुरू झाली आहे, लोकांच्या घरात कापूस साठू लागला आहे आणि मला दोन-तीन दिवसांत निर्णय घ्यावा लागणार आहे. म्हणून घडले ते क्रमाने लिहितो. त्यात माझ्याही चुका आहेत. त्या लपवून सल्ला मागितला तर मिळणारा सल्लाही चुकीचाच असेल.

श्रावणापासूनच ताशी चाळीस ते पन्नासच्या दरम्यान मागून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येत होता. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत तो यायचा आणि पाय काढला की जवळजवळ थांबायचा. टायर एकसारखे झिजले नाहीत म्हणून आवाज येत असेल, असे ड्रायव्हर म्हणाला आणि मी ते मान्य केले. टायरचा आवाज पाय काढल्याने थांबत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते. पोळा झाल्यावर गाडी उचलताना ‘ठक्क’ असा झटका बसू लागला, तेव्हा प्रॉपेलर शाफ्टचा (गियरबॉक्सकडून डिफरन्शिअलकडे ओढ नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, बदलला. झटका थोडा कमी झाला, आवाज मात्र तसाच राहिला.

त्यानंतर परतीच्या पावसात एका शेतातून कापूस भरून निघताना गाडी पांदण रस्त्यात फसली. उजवीकडची चाके जरा कठीण जागेवर होती आणि डावीकडची गाळात. आमच्याकडची काळी जमीन ओली झाली की कशी होते, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. ड्रायव्हरने दहा-पंधरा मिनिटे रेस देऊन पाहिले, तेवढा वेळ डावी चाके जागच्या जागी गरगर फिरत राहिली आणि उजवी हललीही नाहीत. शेवटी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली. त्यानंतर दोनच दिवसांनी, हिंगणघाटहून सरकी घेऊन परत येताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वडकीच्या पुढे कडाडकन आवाज झाला आणि गाडीची ओढ गेली. इंजिन चालू, गियर पडलेला, स्पीडोमीटरचा काटाही वर चढत होता, पण गाडी जागची हलत नव्हती. खाली वाकून पाहिले तर प्रॉपेलर शाफ्ट फिरत होता आणि चाके स्थिर होती.

महामार्गावरच्या मिस्त्रींनी दोन्ही एक्सल हबच्या बाहेरून बोल्ट काढून ओढून घेतले, हबची तोंडे रबर लावून बंद केली आणि गाडी ओढत गावी आणून दिली. त्यांचे हे काम मला फार नीट वाटले, कारण चाके न काढता आणि आतले तुटलेले दात आणखी न चिरडता गाडी घरी पोचली.

काल डिफरन्शिअलचे हाउसिंग (बाहेरची पेटी) उघडले. ऑइल जेमतेम दोन-अडीच लिटर निघाले. ते काळे होते आणि त्यात चंदेरी चुरा चमकत होता. ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक लगद्याबरोबर दाताचे तुकडेही चिकटले होते. पिनियनच्या (शाफ्टने फिरणाऱ्या लहान गियरच्या) सहापैकी दोन दात मुळापासून गेले आहेत आणि क्राउनच्या (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गियरच्या) एक्केचाळीस दातांपैकी बऱ्याच दातांच्या कडा उडाल्या आहेत. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगचे रोलर निळे पडले आहेत. आतल्या छोट्या स्टार गियरखालचे वॉशर पत्र्याइतके पातळ झाले आहेत आणि ज्या क्रॉसवर ते गियर फिरतात त्यावर ओरखडे आहेत. पिनियनच्या सीलखालचा भाग तेल आणि धुळीने लिंपलेला आहे, आणि डाव्या मागच्या ड्रममध्ये ब्रेकच्या लायनरवरही तेल आले आहे.

आमच्यासमोर तीन वाटा आहेत. गावाजवळचे वेल्डर म्हणतात की क्राउनचे दात भरून, घासून देता येतील आणि फक्त पिनियन नवे घ्यावे लागेल. मिस्त्री म्हणतात की नागपूरला मोडीत निघालेल्या गाडीचा आख्खा डिफरन्शिअल नव्या संचाच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळेल आणि एका दिवसात बसेल. तिसरी वाट म्हणजे नवे क्राउन-पिनियन आणि सर्व बेअरिंग. ट्रक जुना असला तरी इंजिन आणि चेसिस उत्तम आहे, दरवर्षी पासिंगही होते, म्हणून खर्च करायची माझी तयारी आहे. मात्र तोच खर्च पुढच्या दिवाळीला पुन्हा करावा लागू नये. माझा मुख्य प्रश्न असा की हे तुटले नेमके कशामुळे, आणि ते कारण न काढता नवे सामान बसवले तर तेही जाईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

दादा, मी वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाच्या गाड्यांच्या डिफरन्शिअलची कामे पंचवीस वर्षे करत आलो आहे. तुम्ही लिहिलेल्या क्रमातच उत्तर आहे, फक्त एक गोष्ट तुम्ही पाहिलेली दिसत नाही. हाउसिंगच्या वरच्या बाजूला श्वास घेण्यासाठी छोटा ब्रीदर असतो. तो काढून त्यात फुंकर मारून पाहा. माझा अंदाज आहे की तो काळ्या मातीने पक्का बुजलेला असेल.

गाडी चालली की आतले ऑइल तापते आणि हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर हा दाब सीलमधून वाट काढतो आणि जाताना ऑइल घेऊन जातो. थोडे पिनियनच्या सीलमधून गेले, थोडे हबच्या सीलमधून तुमच्या ब्रेक लायनरवर गेले. पातळी उतरली की सर्वांत आधी उपाशी राहते ते पिनियनचे पुढचे बेअरिंग, कारण क्राउनने उडवलेले ऑइल तिथपर्यंत पोचावे लागते. ते बेअरिंग निळे पडले याचा अर्थ ते ऑइलविना तापले. बेअरिंग ढिले झाले की ओढीच्या वेळी पिनियन आपल्या जागेवरून सरकते, दाताला दात मधोमध न लागता कडेला लागतो आणि घूं आवाज सुरू होतो. श्रावणातला आवाज तो हाच. दात त्यानंतर तीन महिने कडेवर भार सोसत होते.

पांदणीतल्या प्रकाराने वेगळे नुकसान केले. एक बाजू थांबली आणि दुसरी गाळात फिरली की फिरणारे चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते आणि हा सगळा फरक आतल्या स्टार गियरना काढावा लागतो. हे गियर वळणावर थोडेसे फिरण्यासाठी केलेले असतात, पंधरा मिनिटे सलग भणाणण्यासाठी नाहीत. वॉशर तिथे गेले. गाळात दहा सेकंद प्रयत्न करावा, नाही निघाली तर चाकाखाली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) घालावी किंवा ट्रॅक्टर बोलवावा. रेस देऊ नये.

वेल्डिंग अजिबात करू नका. हे दात पृष्ठभागावर कडक आणि गाभ्यात चिवट केलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दातांचाही कडकपणा उतरतो, आणि हाताने घासून दाताचा मूळ आकार परत येत नाही. शिवाय क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात आणि दोन्हींवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. जुन्या क्राउनवर नवे पिनियन ही जोडी कधीच शांत चालत नाही.

मोडीतला डिफरन्शिअल वाईटच असतो असे मी म्हणणार नाही, पण तो घेताना दातांची संख्या मोजा, प्रत्येक दात उजेडात फिरवून पाहा आणि पिनियनचा फ्लँज धरून पुढे-मागे हलवा. किंचितही खेळ जाणवला तर तो परत ठेवा.

धागाकर्ता

भाऊ, आपले फार आभार. ब्रीदर काढला. आपण म्हणालात तसाच निघाला; आत तार घालावी लागली तेव्हा कोरड्या मातीची कांडी बाहेर आली. आठ वर्षांत तो कोणी उघडल्याचे मला आठवत नाही आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

नागपूरचा डिफरन्शिअल मिस्त्रींनी पाहून ठेवला आहे. दात चांगले आहेत आणि खेळ नाही, पण क्राउनला सदतीस दात आहेत, पिनियनला सहाच. बाकी सर्व मापे जुळतात. हा चालेल का?

प्रतिसाद

बसेल, पण तुमच्या कामाला बसवू नये. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले तर तुमचे गुणोत्तर ६.८३ आहे आणि याचे ६.१७. म्हणजे चाकावरची ओढ जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी होईल, आणि तुम्हाला नेमकी ओढच हवी आहे, कारण तुमची गाडी शेतातून भरून निघते. स्पीडोमीटर गियरबॉक्सवरून चालतो, त्यामुळे काटा पन्नास दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात पंचावन्नने धावत असेल. महामार्गावरच सरळ चालणाऱ्या गाडीसाठी मी हो म्हटले असते.

नवा संच घ्या आणि त्यासोबत सर्व बेअरिंग, स्टार गियरचा संच, क्रॉस, वॉशर आणि सील घ्या. जुने बेअरिंग ‘चांगले दिसते’ म्हणून ठेवू नका, कारण धातूचा चुरा त्यातूनही फिरला आहे. हाउसिंग डिझेलने धुऊन कोपऱ्यांत हात फिरवून पुसा. राहिलेला एक तुकडा सगळे काम वाया घालवतो. तेल लागलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायची आपल्याकडे सवय आहे. कृपया तसे करू नका, दोन्ही बाजूंचे लायनर बदला. उताराला भरलेली गाडी एका बाजूला खेचली तर डिफरन्शिअलचा खर्च आठवणारही नाही.

सगळ्यात जास्त वेळ जुळवणीला द्या. मिस्त्री अंदाजाने शिम (जागा जुळवायच्या पातळ चकत्या) घालत असतील तर त्यांना नम्रपणे थांबवा आणि डायल गेज (बारीक खेळ मोजायचे साधन) मागवा. पिनियनच्या बेअरिंगचा ताण फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढून पाहावा, आणि क्राउन-पिनियनमधला मोकळा खेळ गाडीच्या पुस्तकातल्या मापात बसवावा. मग तेलात कालवलेला शेंदूर काही दातांवर लावून, क्राउनला हाताने थोडा अडसर देत पिनियन फिरवावे. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे पडला पाहिजे, कारण भार आल्यावर तो बाहेर सरकतो. ठसा बुडाशी पडला तर पिनियन फार आत गेले आहे, माथ्याशी पडला तर बाहेर राहिले आहे. त्याप्रमाणे शिम बदलावा. शेंदरात शिसे असते, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवू नये.

ऑइल जीएल-५ दर्जाचे, ८५डब्ल्यू-१४० घाला आणि लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.

धागाकर्ता

नवा संच काल नागपूरहून आला. दोन्हींवरचा क्रमांक एकच असल्याची खात्री करूनच पेटी घेतली. मिस्त्रींना सुरुवातीला डायल गेजची गरज पटत नव्हती, पण पहिला ठसा माथ्याशी पडलेला त्यांनी स्वतः पाहिला आणि मग शिम बदलायला त्यांनीच पुढाकार घेतला. तिसऱ्या वेळी ठसा मधोमध आला.

आज सकाळी गाडी रिकामी पंधरा किलोमीटर चालवून आणली. पिनियनजवळ हाउसिंगला हात ठेवला तेव्हा ते कोमट होते, चटका बसला नाही. आवाज नाही. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलायचे ठरवले आहे आणि तोपर्यंत निम्माच माल भरणार आहे. ब्रीदर नवा बसवला असून त्याला रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर बांधली आहे, म्हणजे पांदणीतला चिखल तिथपर्यंत उडणार नाही. या नळीचे वरचे टोक खाली वाकवून ठेवले आहे. त्यात काही चूक असेल तर कृपया सांगावे.

प्रतिसाद

बरोबर केले आहे. नळी कुठे दबत नाही ना, तेवढे भरलेल्या गाडीत स्प्रिंगचे पाटे खाली बसल्यावर एकदा वाकून पाहा.