एअर फ्रायरमध्ये सफरचंदाच्या चकत्या: कडा करपतात, मधे चामट राहतात. काय चुकतंय?

अबोली:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण तीन वेळा करून बघितलं आणि तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी झालं.

धाकटे दीर गेल्या आठवड्यात सिमल्याहून आले ते सफरचंदांची अख्खी पेटीच घेऊन. घरात आम्ही चौघं. खाऊन खाऊन किती खाणार? दुसरं म्हणजे, मे महिन्यात माझ्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. बाबांचा साडेचारचा चहा आणि सोबत केळ्याचे वेफर्स हा नेम मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. कोपऱ्यावरच्या दुकानात बाहेरच कढई असते, तिथून गरम गरम पुडी यायची. आता चहासोबत बिस्किट ठेवलं की ते बशी हळूच बाजूला सारतात. बोलत काही नाहीत, पण मला ते बघवत नाही. म्हणून वाटलं, सफरचंदाचं काहीतरी कुरकुरीत करावं.

पहिल्यांदा सुरीने कापून १८० वर बारा मिनिटं ठेवलं. कडा काळ्या, मधे शिजवलेल्या भोपळ्यासारखं. दुसऱ्यांदा वेफर्सच्या किसणीवर पातळ केल्या आणि १६० वर पंधरा मिनिटं. दोन चकत्या पंख्याने उडून वरच्या जाळीला चिकटल्या आणि घरभर जळका वास. बाकीच्या दिसायला छान होत्या, पण हातात घेतल्या तर मऊ. कच्च्या राहिल्या समजून आणखी पाच मिनिटं ठेवल्या, तर सगळ्या कडू. तिसऱ्यांदा १२० वर पंचवीस मिनिटं. पाच वाजता खरंच कुरकुरीत लागल्या! बशीत झाकून ठेवल्या आणि सात वाजता बाबा फिरून आले तेव्हा पार चिवट. आमच्याकडे डोंबिवलीत चार दिवस पावसाची झड लागली आहे, त्याचा संबंध असेल का?

एअर फ्रायर चार लिटरचा, ड्रॉवरवाला. तापमान ८० ते २०० पर्यंत लावता येतं, फळं सुकवण्याचं वेगळं बटण नाही. कोणी घरी नीट जमवलं असेल तर कृपया सांगा.

निवांत:

तापमान १०० च्या खाली ठेवा आणि वेळ तासाभरापर्यंत वाढवा. आणि एक फार महत्त्वाचं: चकत्या उडू नयेत म्हणून बटर पेपर घालायचा मोह होईल, पण वर वजन नसलेला नुसता कागद घालू नका. तो उडून वरच्या तापलेल्या कॉइलला लागतो. आमच्या शेजारी असा कागद पेटला होता.

चिकूवाडी:

अगं अबोली, तिसऱ्या खेपेला तू अगदी दारापर्यंत पोचली होतीस! आमची बोर्डीला चिकूची वाडी आहे आणि गेली नऊ वर्षं मी घरी फळं सुकवते. आधी उन्हात, मग सोलर ड्रायरमध्ये, आणि मुलीने दिल्यापासून थोड्याफार प्रमाणात एअर फ्रायरमध्येही. तुझ्या तिन्ही खेपा मी स्वतः केलेल्या आहेत, म्हणून सगळं लिहिते.

यंत्राच्या नावात फ्रायर आहे म्हणून आपण तळणाच्या हिशेबाने तापमान लावतो. ते बटाट्याला चालतं, त्यात पिष्ट भरपूर असतं. पिकलेल्या सफरचंदात पिष्ट जवळजवळ नसतंच. शंभर ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या आसपास पाणी आणि दहाएक ग्रॅम साखर, त्यातही निम्म्याहून जास्त फ्रुक्टोज. ही साखर इतर साखरांच्या आधी करपते. १६० ला कडेचं पाणी झटकन उडतं आणि तिथली साखर जळायला लागते, तेव्हा मधला भाग अजून ओलाच असतो. म्हणून हे तळणं नाही, वाळवण आहे असं समजून कर.

आता दुसरी गोष्ट, जी मला कळायला एक अख्खा मोसम लागला. चकती गरम असताना कधीच कुरकुरीत लागणार नाही. चिक्की आठव. पाक ताटात ओतल्यावर गरम असेपर्यंत वळते, वाकते, आणि गार झाली की कट्कन तुटते. सफरचंदातली साखरही तशीच वागते. तू दुसऱ्या वेळी मऊ लागली म्हणून पाच मिनिटं वाढवलीस ना, तेव्हा ती बहुतेक झालेलीच होती.

म्हणून मी काय करते सांगू? स्टीलची वाटी पालथी घालून ओट्यावर ठेवते. पन्नास मिनिटं झाली की खेपेतली सगळ्यात जाड चकती काढून त्या वाटीच्या पाठीवर ठेवायची. स्टील गार असतं, दोन मिनिटांत चकती निवते. मग दोन्ही हातांनी वाकवून बघायची. वाकली तर बाकीच्यांना आणखी दहा मिनिटं, आणि परत एक चकती वाटीवर. मोडताना आवाज आला पाहिजे. आवाज झाला की लगेच बंद. घड्याळापेक्षा ही वाटी खरी, कारण प्रत्येक फळात पाणी कमीजास्त असतं.

कापताना सगळ्या चकत्या सारख्या हव्यात, दोन मिलिमीटरच्या आसपास. सुरीने हे जमत नाही, किसणीच घे. सालं काढू नकोस, सालीमुळे चकती आकार धरून राहते. आडवी कापलीस तर मधे बियांची चांदणी दिसते, ती तशीच ठेव, फक्त बिया झटकून टाक. तुझ्याकडे आलेली सफरचंदं दाबून बघ. रवाळ, भुसभुशीत झाली असतील तर ती मुरंब्याला ठेव. चकत्यांना घट्ट, रसदार आणि थोडं आंबट फळ लागतं.

कापलेल्या चकत्या पाच मिनिटं पाण्यात टाकायच्या. एक लिटर पाण्याला एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. त्याने काळ्या पडत नाहीत. मग पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून कोरड्या करायच्या. हे टाळू नकोस. बाहेरचं पाणी राहिलं तर पहिली पंधरा मिनिटं तेच उडवण्यात जातात आणि तोवर चकत्या वाफेत शिजून मऊ पडतात.

ड्रॉवर पाच मिनिटं रिकामा तापवून मग ९० वर ठेव. एकच थर, कडा एकमेकींवर थोड्या चढल्या तरी चालतील, आकसून सुट्या होतात. वर यंत्रासोबत आलेला स्टीलचा स्टँड पालथा ठेव म्हणजे उडणार नाहीत. तीस मिनिटांनी एकदा उलटायच्या. चार लिटरच्या ड्रॉवरमध्ये एका खेपेला जेमतेम अर्धं सफरचंद बसेल, स्टँडवर दुसरा थर लावलास तर एक. हे काम घाईचं नाही. विजेची काळजी वाटत असेल तर सांगते, १५०० वॅटचं यंत्र तासभर सलग पूर्ण ताकदीने चाललं तर दीड युनिट होईल, पण ९० वर कॉइल बराच वेळ बंदच असते.

आणि हो, पावसाचा संबंध आहे, शंभर टक्के. वाळलेली साखर हवेतली ओल ओढून घेते. आमची वाडी समुद्राला लागून, आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये उन्हातलं सुकवणं बंदच ठेवतो. चकत्या पूर्ण गार झाल्या की लगेच, म्हणजे पाच मिनिटांच्या आत, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. तळाशी मूठभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेव. तरी सादळल्या तर ८० वर पाच-सात मिनिटं आणि परत वाटीवर गार.

चिकूबद्दल लोक मला नेहमी विचारतात म्हणून लिहिते. आमच्या कालीपत्तीच्या फोडी वाळवल्या की रंगाने गुळासारख्या आणि फार गोड होतात, पण त्या चिवटच खायच्या. कुरकुरीत करायला गेलात तर दगड होतात.

अबोली:

काकू, किती मनापासून लिहिलंत! हे मी वहीत उतरवून घेतलं. वाटीचं तर कधी सुचलंच नसतं. एक विचारायचं होतं: तिसऱ्या खेपेच्या चकत्या कुरकुरीत होत्या, पण जरा पत्र्यासारख्या, दाताला कडक. बाबांचे पुढचे दोन दात कृत्रिम आहेत. वेफर्ससारखा हलकेपणा कसा आणायचा?

चिकूवाडी:

पुसून कोरड्या केलेल्या चकत्या ताटात सुट्या पसरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव आणि सकाळी गोठलेल्याच थेट ड्रॉवरमध्ये टाक. गोठताना फळातल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि ते आतले कप्पे फोडतात. मग वाळताना पाणी लवकर बाहेर पडतं आणि आत बारीक पोकळ्या राहतात. माझ्या खेपा त्याने दहा-पंधरा मिनिटं आधी झाल्या आणि दाताखाली खुसखुशीत लागल्या. ताटाला चिकटू नयेत म्हणून खाली प्लास्टिकची पिशवी पसर.

मोजमाप:

अबोलीताई, बाबांना मधुमेह आहे का? वाळवताना फक्त पाणी जातं, साखर सगळी तिथेच राहते. शंभर ग्रॅम फोडींच्या साधारण पंधरा ग्रॅम चकत्या होतात. म्हणजे वाटीभर चकत्या हसत-खेळत खाल्ल्या तर दोन-तीन सफरचंदं पोटात गेली, आणि ती एरवी एका बैठकीत कोणी खात नाही. माझ्या आईच्या बाबतीत हे आमच्या लक्षात आलं नव्हतं, घरचं आणि बिनतेलाचं म्हणून ती डबा जवळ घेऊन बसायची. एका वेळेच्या चकत्या मोजून बशीत काढा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाजारातल्या फळांच्या चिप्सचं पाकीटही उलटून वाचत जा. व्हॅक्यूम फ्राइड लिहिलेलं असेल तर ते कमी तापमानावर का होईना, तेलातच तळलेलं असतं.

केळफूल:

सगळे सफरचंदावर बोलताहेत, पण अबोली, तुझ्या बाबांचा जीव केळ्याच्या वेफर्समध्ये आहे ना? मग तेच का करत नाहीस! मी रावेरकडची, आमच्या जळगाव जिल्ह्यात केळ्याशिवाय पान हलत नाही. कच्चं, हिरवंगार, बोटाने दाबलं तर अजिबात न दबणारं केळं घे. त्यात पिष्ट असतं, त्यामुळे काकूंनी सांगितलेलं ९० चं गणित इथे लागू नाही. केळं पिकायला लागलं की पिष्टाची साखर होते आणि मग वेफर लाल होऊन नरम पडतो, म्हणून पिवळी छटा दिसली तर ते भाजीलाही नको आणि वेफर्सलाही नको, पिकू दे.

हाताला तेल लावून सोल, नाहीतर चीक बसतो. चकत्या थेट हळद-मिठाच्या पाण्यात पाड, दहा मिनिटांनी उपसून पुसून घे. दोन केळ्यांना एक चहाचा चमचा तेल हाताने चोळायचं, सगळ्या चकत्यांना लागलं पाहिजे. १८० वर दहा ते बारा मिनिटं, मधे दोनदा ड्रॉवर हलवायचा. शेवटची तीन मिनिटं उभं राहून बघ. कढईतल्यासारखे अगदी हलके होत नाहीत, थोडे घट्ट लागतात, पण चव केळ्याच्या वेफरचीच. वरून मीठ घालू नकोस, पाण्यातलं पुरतं.

अबोली:

रविवारी केलं, आज सांगते.

शनिवारी रात्री दोन सफरचंदं कापली. देठ-बिया काढून ३१० ग्रॅम भरली. लिंबू-मिठाच्या पाण्यातून काढून, पंचाने टिपून फ्रीजरमध्ये. सकाळी ९० वर, वरती पालथा स्टँड. पन्नास मिनिटांनी वाटीवर ठेवलेली पहिली चकती वाकली. साठ मिनिटांनीही किंचित वाकली, पण साल मोडल्याचा बारीक आवाज आला. सत्तर मिनिटांनी अशी मोडली की आतल्या खोलीतून मुलगा विचारत आला, काय फुटलं? दोन खेपा मिळून ४८ ग्रॅम चकत्या झाल्या. रंग फिक्या सोन्यासारखा, मधे चांदणी तशीच. एकही करपली नाही.

दालचिनी घालायचा विचार होता, पण नंतर वाटलं बाबांना नाही आवडणार. त्यांना खारट लागतं. म्हणून शेवटी नुसतं सैंधव भुरभुरवलं.

बाबांना साखर नाही, पण डॉक्टरांनी मागे सीमेवर आहे म्हटलं होतं. मोजमाप, तुम्ही लिहिलंत म्हणून आठ चकत्या मोजून बशीत ठेवल्या. अर्ध्या सफरचंदापेक्षा जास्त नाहीत. साडेचारला चहासोबत बशी पुढे केली. पहिली चकती त्यांनी चहात बुडवली, बिस्किटाच्या सवयीने. दुसरी बुडवली नाही. सगळ्या संपल्यावर बशीत राहिलेला चुरा बोटाने टिपून खाल्ला. मग म्हणाले, "उद्या आहेत का?"

बरणीत तांदळाची पुरचुंडी घातली आहे. आज तिसरा दिवस, बाहेर पाऊस चालूच, आणि चकती अजून आवाज करते. पेटीतली नऊ घट्ट सफरचंदं वेगळी काढून ठेवली आहेत, भुसभुशीत सगळी मुरंब्याला गेली. केळफूल, शनिवारी कल्याणच्या बाजारात कच्ची केळी बघते. सोलल्यावर चीक किसणीच्या पात्यालाही बसतो का? पात्याला आधी तेल लावून घेऊ का?

केळफूल:

हो, पात्यालाही दोन थेंब लाव. आणि काम झाल्यावर लगेच धू, वाळला की घासूनही निघत नाही.