फणसाडला टिपलेली तीन फुलपाखरे: ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

रानवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. होळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही पाच मित्रमैत्रिणी मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात जाऊन आलो. शेकरू पाहायचे म्हणून निघालो होतो. ते एकदाच आणि तेही पाठमोरे दिसले. त्यामुळे उरलेला सगळा वेळ फुलपाखरांच्या मागे गेला. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. अशाच एका गाणाच्या काठावर, ओल्या चिखलात सोंड खुपसून बसलेल्या ब्लूबॉटल फुलपाखरांचा थवा अर्धा तास हललाच नाही, आणि आमच्यातल्या सर्वांत उतावळ्या मित्रालाही त्यांची चांगली छायाचित्रे मिळाली. खरी अडचण पुढील तिघांची आहे.

पहिले काळे आणि शेपटीचे आहे. मागच्या पंखांवर मधोमध पांढरे ठिपके आणि कडेला लालसर चंद्रकोरी आहेत. रविवारी सकाळी ते आमच्या मुक्कामाच्या घराच्या परसात बराच वेळ घिरट्या घालत होते. छायाचित्र वरून घेतलेले असून त्यात शरीर काळे दिसते. मी ‘कॉमन रोझ’ म्हणतो, मैत्रीण ‘कॉमन मॉर्मनची मादी’ म्हणते.

दुसरे नारिंगी आहे. पुढच्या पंखांचे टोक काळे आणि त्यात पांढरा पट्टा. हे ‘प्लेन टायगर’ असावे. मागचे पंख मात्र एकदांडीच्या फुलांआड गेले आहेत.

तिसरे संध्याकाळी ओसरीजवळ पालापाचोळ्यात बसले होते आणि हुबेहूब वाळक्या पानासारखे होते. एका मित्राच्या मते ते ‘ब्लू ओकलीफ’ आहे.

एक कबुलीही देतो. परतीच्या वाटेवर गाडीत बसल्या बसल्या मी सगळी हललेली, अंधुक छायाचित्रे काढून टाकली. खाली जोडलेली तीन ही उरलेल्यांतली सर्वांत देखणी आहेत.

कोकणकडा

छायाचित्रे सुरेख आहेत. पहिल्याबद्दल फार विचार करण्याची गरज नाही: रोझचे शरीर लाल असते आणि मॉर्मनचे काळे. तुमच्या छायाचित्रातले शरीर काळे आहे, म्हणजे ती कॉमन मॉर्मनची मादीच. तुमची मैत्रीण जिंकली.

सापसंद

मैत्रीण कदाचित जिंकली असेलही, पण या कारणाने नाही. लाल शरीराचा नियम बरोबर आहे, तो लावायचा कुठे हे मात्र पाहावे लागते. कॉमन रोझची पाठ वरून पाहिली तर बरीचशी काळीच दिसते. लाल रंग डोक्यावर, छातीच्या बाजूंना आणि उदराच्या खालच्या भागावर व टोकाला असतो. आपल्या छायाचित्रात पंख पसरलेले आहेत, उदराचे टोक पंखांच्या सावलीत गेले आहे आणि डोके फुलात आहे. थोडक्यात, लाल दिसू शकेल अशी एकही जागा त्यात नीट दिसत नाही. हेच फुलपाखरू बाजूने टिपले असते, मग ते कितीही अंधुक का असेना, तर एका क्षणात निकाल लागला असता.

हा गोंधळ मुळात आपल्यासाठी नव्हे, पक्ष्यांसाठी रचलेला आहे. रोझच्या अळ्या सापसंदाच्या कुळातील वेलींवर वाढतात आणि त्या वेलीतील विषारी द्रव्ये अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मनला हे संरक्षण नाही. म्हणून तिच्या माद्यांपैकी काही नरासारख्या दिसतात, काही कॉमन रोझचा वेष घेतात, तर काही क्रिमझन रोझचा. आपल्याकडे तिला ‘बहुरूपी’ म्हणतात ते उगाच नव्हे. मादीने कोणता वेष घ्यायचा हे ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकावरून ठरते, असे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवून दिले. वेष पंखांचा आहे, शरीराचा नाही. लाल रंगाची ती उणीव आपल्या उपयोगी पडते.

मला आपल्या प्रश्नातले एक वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. ते फुलपाखरू परसात ‘बराच वेळ घिरट्या घालत होते’, असे आपण लिहिले आहे. कोणत्या झाडाभोवती?

दुसऱ्याबाबत सावध राहावे. डॅनैड एगफ्लायची मादी प्लेन टायगरची अशीच नक्कल करते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके असतात, नरात चौथाही असतो. एगफ्लायच्या मादीत हे मधले ठिपके नसतात. आपल्या छायाचित्रात नेमका तोच भाग फुलांआड आहे. काळ्या छातीवर पांढरे ठिपके असल्याचे मोठे करून पाहिल्यावर मला वाटते, म्हणून कल प्लेन टायगरकडे आहे, पण मी स्वतः नोंदीत प्रश्नचिन्ह ठेवीन.

काटेसावर

तिसरे ब्लू ओकलीफ नाही. ओकलीफच्या पुढच्या पंखाचे टोक अणकुचीदार असते, मागच्या पंखाला देठासारखे शेपूट असते आणि मिटलेल्या पंखांवर पानाच्या मधल्या शिरेसारखी गडद रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. आपल्या छायाचित्रात पंखाचे टोक कात्रीने तिरके कापल्यासारखे आहे. हे कॉमन इव्हिनिंग ब्राउन आहे. संध्याकाळची वेळ आणि पालापाचोळा हेही त्याच्याच सवयीचे.

पावसाळ्यात याच जातीच्या पंखांखाली डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ठळक रांग असते. कोरड्या ऋतूत ते डोळे जवळजवळ नाहीसे होतात, कारण हिरव्या गवतात शत्रूची चोच पंखाच्या कडेकडे वळवायला डोळे कामी येतात, तर वाळक्या पानांत निमूट पडून राहणेच शहाणपणाचे. अळी वाढत असताना मिळणारे तापमान यांसारख्या संकेतांवरून हा वेष ठरतो. त्यामुळे छायाचित्राबरोबर तारीख लिहिणे अत्यावश्यक आहे. ऑगस्टचे आणि मार्चचे इव्हिनिंग ब्राउन शेजारी ठेवले तर नवखा माणूस त्यांना खुशाल दोन जाती ठरवील.

आता छायाचित्रणाविषयी थोडेसे. पहिले चित्र लांबूनच नोंदीपुरते घ्यावे आणि मगच वाकून, आपली सावली त्याच्यावर न पाडता पुढे सरकावे. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरावा, म्हणजे भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/8 च्या आसपास असले तरी सगळा पंख स्पष्ट येतो. फुलावर पंख फडफडवत मध पिणाऱ्या मॉर्मनसारख्यांना शटरचा वेग 1/1000 सेकंदाहून कमी ठेवू नये. सकाळी ऊन खात बसलेली फुलपाखरे दुपारपेक्षा खूपच सोशिक असतात. आणि कृपया, अंधुक चित्रे घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय काढून टाकू नयेत.

रानवाट

शेवटचे वाक्य मित्रांना वाचून दाखवले. त्यावर जे हसू झाले ते इथे लिहीत नाही.

सापसंद, आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. परसात कढीपत्त्याचे झाड आहे. मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये अकरा सेकंदांची एक चित्रफीत निघाली. त्यात ते फुलपाखरू फांदीच्या टोकाच्या कोवळ्या पानावर पाय टेकते, पंख फडफडत असतानाच उदर खाली वाकवून पानाला लावते आणि लगेच पुढच्या फांदीवर जाते. चित्रफीत थांबवून पाहिली तेव्हा वाकलेले उदर बाजूने दिसले. ते टोकापर्यंत काळे आहे.

सापसंद

मग शंका उरली नाही: रोझच्या वेषातली कॉमन मॉर्मनची मादी. काळे उदर हा एक पुरावा आणि कढीपत्ता हा दुसरा, कारण कॉमन रोझ अंडी घालायला कढीपत्त्यावर येणार नाही. त्या घरमालकांशी आपला संपर्क असेल तर कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखे काही दिसते का, ते पाहायला सांगावे. लहान अळ्या तशाच दिसतात.

रानवाट

काकांना फोन केला होता. “ती घाण होय? मी म्हटलं बुलबुलानं केली असेल,” असे म्हणाले आणि संध्याकाळी छायाचित्र पाठवले. एका पानावर एक आणि खालच्या पानावर दुसरी, अशा दोन अळ्या आहेत. तपकिरी, ओलसर चकाकी असलेल्या, मध्ये पांढरट पट्टा.

सापसंद

छान. मात्र लाइम बटरफ्लायही कढीपत्त्यावर अंडी घालते आणि तिच्या लहान अळ्या अशाच दिसतात, तेव्हा या दोन अळ्या त्याच मादीच्या आहेत असे आत्ताच लिहू नये. मोठ्या होऊन हिरव्या झाल्या की पुन्हा एकदा बाजूने छायाचित्र घ्यायला काकांना सांगावे, आणि तोवर आमटीसाठी कढीपत्ता दुसऱ्या फांदीचा तोडावा.