तोबा सरोवर: चार वर्षांच्या मुलीला दगड आठवू शकतो का?

पाणकावळा:
नोकरीमुळे २००५ ते २००७ आम्ही इंडोनेशियात, सुमात्रा बेटावरच्या मेदान शहरात होतो. जोडून सुट्टी आली की गाडी काढायची, चार-पाच तासांत तोबा सरोवराच्या काठावरचं परापात गाठायचं आणि तिथून बोटीने सरोवरातल्या समोसिर बेटावर, तुकतुक गावाला. लेक तेव्हा चार वर्षांची. मागच्या महिन्यात तिला घेऊन पुन्हा गेलो. आता ती नोकरी करते, बोटीचे पैसेही तिनेच दिले.

बोट सुटताना पोरं अजूनही नाण्यांसाठी पाण्यात बुड्या मारतात. नावाडी अजूनही 'होरास' (तिथला नमस्कार) म्हणतो. लॉजच्या पायऱ्या त्याच. मला पावलोपावली काहीतरी आठवत होतं आणि ती शांतपणे फोटो काढत होती. 'तुला काहीच आठवत नाही?' असं तीनदा तरी विचारलं असेन. शेवटी वैतागली.

मग पायऱ्या उतरून तिने पाण्यात पाय घातला आणि म्हणाली, 'इथे एक दगड होता. बुळबुळीत.'

दगड आहे! पण माझ्या आठवणीत तो गुडघाभर पाण्याखाली असायचा, त्याच्यापुढे दोन पावलांवर एकदम खोल. आता तो अर्धा उघडा आणि खडखडीत कोरडा. बघून कुणी बुळबुळीत म्हणणार नाही.

तर दोन प्रश्न. पाणी खरंच खाली गेलंय की मलाच भलतं आठवतंय? आणि चौथ्या वर्षीचं असं काही लक्षात राहतं का?

दगडधोंडे:
तुमची आठवण बरोबर असू शकते. तोब्याचं पाणी वर-खाली होतं. बाहेर पडायला त्याला एकच वाट, असाहान नदी. तिच्यावर बंधारा आहे आणि खाली जलविद्युत केंद्रं. पाऊस कमी झाला आणि पाणी सोडणं चालूच राहिलं की पातळी उतरते. एक दगड उघडा पडायला फार उतरावी लागत नाही.

अवांतर, पण राहवत नाही. हे सरोवर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाला, वरचा भाग आत खचला आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं. लांबी जवळजवळ १०० किमी, खोली ५०० मीटरच्या आसपास. नंतर खालून शिलारसाने दाब दिला आणि सरोवराचा तळच वर उचलला गेला. तेच समोसिर. बेटाच्या माथ्यावरही सरोवरातला गाळ सापडतो.

उंबरठा:
चौथ्या वर्षीचं आठवतं, पण तुटक. तीनच्या आतलं बहुतेकांचं पुसलं जातं. गोची अशी की घरात सांगितलेले किस्से आणि फोटोसुद्धा आठवण होऊन बसतात. माझ्या भावाला त्याचं स्वतःचं बारसं 'आठवतं'. त्या दगडाचा फोटो आहे का? घरी विषय निघतो का त्याचा?

पाणकावळा:
फोटो एकच, बोटीतला, लाल टोपी घातलेला. दगडाचा नाही. किस्सा मात्र, हो. ती दगडावरून घसरली आणि मी झेप घेऊन तिला उचललं, हे पाहुणे आले की मी सांगतो.

उंबरठा:
मग बोंबललं की हो काका! आता तिला पहिल्यापासून सांगायला लावा. आणि तुम्ही मध्ये बोलू नका.

पाणकावळा:
विचारलं. मध्ये बोललो नाही (अवघड गेलं). आधी म्हणाली, पाणी फार गार होतं. ते खरंच आहे. विषुववृत्त जवळ असलं तरी सरोवर ९०० मीटर उंचीवर आहे, सकाळी हुडहुडी भरते.

मग म्हणाली, 'बाबा, मी नाही घसरले. तू घसरलास. मी पायरीवर बसले होते. तुझा चष्मा पाण्यात गेला.'

बायकोकडे पाहिलं. तिने चहा गाळता गाळता मान हलवली. म्हणे, नाण्यांसाठी बुड्या मारणाऱ्या पोरांपैकीच एकाने तो काढून दिला होता.