रात्रीचे जेवण साडेसातला: सोलापुरात हे जमेल का, आणि त्याने खरेच वजन उतरते का?

जुळेसोलापूरकर:
मागील वर्षी जानेवारीत गड्ड्याची यात्रा फिरताना मुलाने हट्टाने वजनकाट्यावर उभे केले आणि काटा ८४ किलोवर थांबला. उंची १६५ सेंटिमीटर, वय ५२, नोकरी दिवसभर खुर्चीवरची आणि कंबर १०२ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी ९० च्या पुढची कंबर धोक्याची मानतात, ती मर्यादा मी कधीच ओलांडली होती. आज चौदा महिन्यांनी वजन साडेपंचाहत्तर किलो आणि कंबर ९३ आहे. या काळात मी व्यायामशाळेची पायरी चढलो नाही की कोणतेही चूर्ण घेतले नाही. रात्रीचे जेवण दहाऐवजी साडेसातला घेऊ लागलो, पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी आली, पहाटे ‘कंबर’ नावाच्या तलावाच्या काठाने पाऊण तास चालू लागलो आणि घरात चार माणसांत महिन्याला पाच लिटर तेल लागत होते ते दोन लिटरवर आणले.

माझे ठाम मत असे झाले आहे की यांतला निर्णायक बदल वेळेचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की माणसे दिवसभर उन्हाला चुकवतात, बाजारहाट सूर्य मावळल्यावर होतो, घरोघरी ताटे नऊनंतर मांडली जातात आणि त्यानंतरही पार्क चौपाटीवरच्या खाण्याच्या गाड्यांकडे एक फेरी होतेच. तेवढेच अन्न रात्री उशिरा खाल्ले तर रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक चढते, हे आता पुरेसे तपासले गेले आहे. ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी बाकी सारे बाजूला ठेवून आधी हा एक बदल करावा, असे मी सुचवतो. कोणाचे मत वेगळे असेल तर ते अवश्य मांडावे.

हिशेबी:
अभिनंदन, परंतु जमा चुकीच्या खात्यावर दाखवली गेली आहे. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते आणि ग्रॅममागे ९ उष्मांक धरले तर लिटरमागे ८,२०० च्या आसपास उष्मांक होतात. दरमहा तीन लिटर वाचले म्हणजे चौघांत मिळून साधारण २४,६००, आणि एका माणसाच्या वाट्याला दिवसाकाठी दोनशेहून थोडे अधिक. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. चौदा महिन्यांचा गुणाकार केला तर अकरा किलोच्या जवळपास आकडा येतो. वजन घटू लागले की शरीर आपला खर्चही आखडता घेते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढे उतरत नाही. तरीही आपल्या साडेआठ किलोंचा मोठा भाग तेलाच्या डब्यातच सापडतो, घड्याळापर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

वेळेचा मुद्दा थेट तपासलाही गेला आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारखाच कमी उष्मांकांचा आहार सांगण्यात आला, आणि त्यांतील निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच घ्यावा असे ठरले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वेळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि इतरांचे ६.३ किलोंनी घटलेले होते, आणि हा फरक योगायोगाने पडला नसावा असे म्हणण्याइतका मोठा ठरला नाही.

भाकरीबद्दलही एक गैरसमज दूर करतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि तेवढ्याच गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच असतात. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, हे तिचे खरे गुण आहेत. परंतु मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे म्हणून तिसरी भाकरीही चालते असे मानणारे माझ्याच घरात आहेत. त्यातही आपण कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी घेतो, तीही चिमूटभर नव्हे. शेंगदाणा पौष्टिक आहे यात वाद नाही, पण ३० ग्रॅम चटणीत दीडशेहून अधिक उष्मांक असतात, आणि पाऊण तास चालून आपण जेवढे खर्च करतो त्याचा बराचसा भाग तेवढ्यात परत येतो.

दोनवेळा:
काही वर्षांपूर्वी घराघरांत ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला होता, त्याची येथे आठवण झाली. मी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीने दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवतो आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतो. आठ महिन्यांत ११ किलो उतरले. ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने थोडे खाण्याचा सल्ला मी आधी वर्षभर पाळला होता, परंतु माझ्यासारख्या माणसाचे ‘थोडे’ कधीच थोडे राहत नाही. तेल मोजणे, चटणी तोलणे हे आयुष्यभर कोणाला जमणार आहे? दोन वेळा खायचे आणि मध्ये तोंड बंद, हा नियम निदान लक्षात राहतो.

हिशेबी:
नियम लक्षात राहतो हे मान्य. मात्र मध्ये तोंड बंद म्हणजे आपला चहाही बंद झाला असणार. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर तेवढ्यानेच दोनशे उष्मांक गेले. एक इशारा येथे द्यायलाच हवा: जे मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घेतल्याशिवाय एकही जेवण गाळू नये, कारण साखर एकाएकी उतरणे ही चढण्यापेक्षा तातडीची आपत्ती असते.

पूर्वभाग:
वरील सर्व चर्चा ज्यांचा दिवस त्यांच्या स्वतःच्या हातात आहे त्यांच्यासाठी आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. आमच्या भागात यंत्रमागाची पाळी बारा तासांची असते. माझे पती एक आठवडा दिवसपाळीला आणि एक आठवडा रातपाळीला जातात. दिवसपाळीतही रात्री आठच्या आधी त्यांचा पाय घरात पडत नाही, आणि रातपाळीत त्यांचे मुख्य जेवणच मध्यरात्री डब्यातून होते. माझ्या सासूबाईंनी तीस वर्षे मांडी घालून विड्या वळल्या, त्यांचे गुडघे गेले आणि वजन वाढले, कारण ज्या कामाचे पैसे नगावर मिळतात त्यातून उठून फेरी मारणे म्हणजे मजुरी सोडणे असते. पहाटे चालायला जा असे सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि ते ज्या वेळेला येईल त्या वेळेला घरातील बाईला जागे राहावे लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते असे डॉक्टर सांगतात. ती झोप कोठून आणायची हे कोणी सांगत नाही.

आणखी एक विचारते. जुळेसोलापूरकरांच्या घरी साडेसातला ताट तयार असते, तेव्हा सहाला चूल कोण पेटवते?

जुळेसोलापूरकर:
ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे. पत्नीही नोकरी करते, साडेपाचला घरी येते आणि लगेच ओट्याशी उभी राहते. मूळ मजकुरात मी हे लिहिले नाही, कारण लिहिताना ते मला सुचलेच नाही, ही कबुली देतो.

रातपाळीविषयी मला सल्ला देण्याचा अधिकार नाही. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एका रातपाळीच्या कामगाराला एवढेच सांगितले होते की मोठे जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे आणि मध्यरात्रीचा डबा हलका, म्हणजे भाताऐवजी मोड आलेली मटकी किंवा उकडलेली अंडी असा ठेवावा. आपल्या सासूबाईंच्या बाबतीत वजनकाट्याकडे फार पाहू नये असे वाटते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि तेही वजन विशेष न घटता.

हिशेबींचा तेलाचा गुणाकार मी कागदावर पुन्हा करून पाहिला आणि तो बरोबर आहे. तरीही वेळेचा मुद्दा मी पूर्णपणे सोडत नाही. साडेसातला जेवल्यामुळे नऊला पार्क चौपाटीची पावचटणी आणि भजी आपोआप सुटली. ते तेल आमच्या डब्यातून जात नव्हते, त्यामुळे ते आपल्या हिशेबात आलेलेच नाही. ग्वांगझूच्या मंडळींना उष्मांक मोजून दिले होते. आम्हाला कोणी मोजून देत नाही, म्हणून आम्हाला घड्याळाचा आधार लागतो.

पूर्वभाग:
अंड्याचा सल्ला करून पाहते. उठून फेरी मारण्याबद्दल सांगायचे तर सासूबाई आता दर शंभर विड्यांनंतर उभे राहून ओट्यापर्यंत जाऊन येतात. मजुरी बुडत नाही आणि गुडघा आखडत नाही. वजन तेवढेच आहे.

जुळेसोलापूरकर:
वाद मिटवण्यासाठी मी पाडव्यापासून एक महिना रात्रीचे जेवण पुन्हा साडेनऊला घेऊन पाहावे, तेल मात्र दोन लिटरच ठेवावे, असा विचार केला होता. पत्नीने परवानगी दिली आहे. साडेनऊचे ताट मी स्वतः गरम करून वाढून घ्यायचे आणि भांडीही मीच घासायची, एवढी तिची अट आहे.

हिशेबी:
महिना कमी पडेल, तीन महिने धरा. कंबर सकाळी उपाशीपोटी, बेंबीजवळ एकाच ठिकाणी मोजा, आणि चौपाटीवर गेलात तर काय खाल्ले तेही वहीत लिहा.