मदत हवी: एचबीए कार्ड आयटी मोडला फ्लॅश होत नाही

मडगावला घरच्या सर्व्हरवर ट्रूनॅस (फाइल साठवायची सिस्टम) आहे, बोर्डाचे साटा पोर्ट भरले म्हणून सास२००८ चिपचं ८ पोर्टांचं सेकंडहँड एचबीए (जास्त डिस्क जोडायचं) कार्ड घेतलं, पण त्यात आयआर (रेडवालं) फर्मवेअर निघालं आणि ट्रूनॅसच्या झेडएफएस फाइल सिस्टमला डिस्क थेट दिसायला हव्यात म्हणून आयटी मोड (रेडशिवाय डिस्क थेट देणारं फर्मवेअर) करायचाय. डॉसमधून फ्लॅश टूल चालवलं तर ‘PAL इनिशियलाइझ होत नाही’ असा एरर देतं, स्लॉट बदलला तरी तेच. कार्डाचा सास ॲड्रेस (त्याचा वेगळा ओळख नंबर) लिहून ठेवलाय, एसएफएफ-८०८७ केबल फॉरवर्डचीच (कार्डाकडून साटा डिस्ककडे जाणारी) आहे, बघूनच घेतलीय. नवीन कार्ड घे सांगू नका, बजेट नाही. बोर्डात यूईएफआय शेल (ओएसआधीची कमांड लाइन) नाही, तर पेनड्राइव्हवरून शेल बूट करून जुनं फर्मवेअर पुसून पी२० व्हर्जनचं आयटी फर्मवेअर घातलं तर होईल का? आणि पुसल्यावर मध्येच लाइट गेली (इथं पावसात नेम नाही, यूपीएस जेमतेम १० मिनिटं) तर कार्ड परत जिवंत करता येतं का?